पाचट एक, दारं चार : वाळवा तालुक्यातल्या एका प्रस्तावाचं प्रकरण

वाळवा तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. सभासद कृष्णाकाठच्या गावांतले, जवळपास सगळे ऊसवाले. कुणाची थोडी हळद, कुणाचं सोयाबीन, आणि तासगावच्या बाजूला द्राक्षबागा असलेले काही जण. कंपनी खतं-बियाण्यांचं दुकान चालवते, हंगामात हळद गोळा करून सांगलीच्या पेठेत घालते. संचालक मंडळापुढे आलेला प्रस्ताव असा: उसाच्या पाचटापासून, म्हणजे तोडणीनंतर रानात उरणाऱ्या वाळक्या पानांपासून, पेलेट (जळणाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या) बनवणारा, ताशी 2 टन क्षमतेचा प्रकल्प टाकायचा. केंद्राचं अनुदान घ्यायचं, उरलेलं बँकेचं कर्ज आणि सभासदांचे शेअर्स.

कंपनी प्रातिनिधिक आहे. अशा प्रस्तावांत हटकून निघणारे प्रश्न इथे एका टेबलावर आणले आहेत. प्रकल्पाच्या खर्चाचे आणि कामाच्या वेगाचे आकडे हे प्रस्तावात धरलेले अंदाज समजावेत. योजनांचे नियम आणि रकमा मात्र प्रत्यक्षातल्या.

पैसा कुठून येणार होता

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय जैव ऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. दोन टप्प्यांत मिळून 1,715 कोटींचा, त्यातला पहिला टप्पा 858 कोटींचा आणि 2025-26 पर्यंतचा. त्यात कचऱ्यापासून ऊर्जा, बायोगॅस आणि बायोमास (काडीकचरा, लाकूड असं जळण) असे तीन भाग. आपला प्रस्ताव बायोमासच्या भागात बसतो. सुरुवातीला ब्रिकेट (दाबून केलेले जळणाचे मोठे ठोकळे) असो वा पेलेट, ताशी एका टनाच्या क्षमतेला 9 लाख आणि प्रकल्पाला जास्तीत जास्त 45 लाख असा दर होता. 2024 मध्ये पेलेटचा दर वाढला: ताशी टनाला 21 लाख किंवा यंत्रसामग्रीच्या खर्चाच्या 30 टक्के, यातलं जे कमी असेल ते, कमाल 1 कोटी 5 लाख. भाजून घेतलेल्या, म्हणजे टोरिफाइड पेलेटला ताशी टनाचा दर आणि कमाल रक्कम याच्या दुप्पट. ब्रिकेट 9 लाखांवरच राहिलं.

प्रस्ताव पेलेटचा का झाला, याचं उत्तर या एका फरकात आहे. 2 टनांच्या ब्रिकेट प्रकल्पाला 18 लाख मिळतात, पेलेटला 42 लाखांपर्यंत. प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्याने 42 हाच आकडा ठळक टाइपात घातला होता. खाली यंत्रसामग्री 1 कोटी 20 लाखांची दाखवली होती. तिचे 30 टक्के 36 लाख होतात, म्हणजे मिळाले तर 36. बैठकीत हा सहा लाखांचा फरक सर्वांत आधी पकडला तो दुकानाचा हिशेब बघणाऱ्या पोराने, आणि त्यानंतरच बाकीचे लोक कागद नीट वाचायला लागले.

बाकी खर्च असा: शेड, पाया, वीजजोडणी, आवाराचं भाडं मिळून 55 लाख. दोन बेलर (पाचटाचे गठ्ठे बांधणारी यंत्रं), रेक (पाचट ओळीत ओढणारं औजार) आणि ट्रॅक्टर 45 लाख. एकूण 2 कोटी 20 लाख. 36 लाख म्हणजे याच्या सोळा टक्के. वाईट नाही. पण या बेरजेत पाचट विकत घ्यायचा पैसा कुठेच नव्हता.

गिऱ्हाईक कोण

पेलेटला चढा दर देण्यामागे सरकारचं स्वतःचं गणित आहे. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांना कोळशात बायोमास पेलेट मिसळणं बंधनकारक आहे. 2023 मध्ये ठरलं ते असं: 2024-25 पासून 5 टक्के, 2025-26 पासून 7 टक्के. त्या भट्टीला पेलेटच लागतात, ब्रिकेट नाही. हे धोरण आलं ते मुख्यतः पंजाब-हरियाणाच्या भाताच्या धसकटांचा धूर डोळ्यांसमोर ठेवून. तिकडे शेत आणि वीज केंद्र दोन्ही एकाच पट्ट्यात आहेत.

सांगली-साताऱ्यात कोळशाचं मोठं वीज केंद्र नाही. कोयनेचं पाणी आहे, पठारावरच्या पवनचक्क्या आहेत, साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प आहेत. पेलेट घेणारं जवळचं मोठं केंद्र म्हणजे एनटीपीसीचं सोलापूर, 1,320 मेगावॅटचं, आणि ते इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. शिवाय तिथे निविदा भरायची, नमुना पास करून घ्यायचा, माल गेल्यावर बिलाची वाट बघायची. छोट्या कंपनीला यातलं एकही काम हलकं नाही.

जवळचं गिऱ्हाईक वेगळं आहे. इचलकरंजीची सायझिंग (सुताला खळ लावणारी) आणि प्रोसेस युनिट, कुपवाड एमआयडीसीतले बॉयलर, दूध संघ, पशुखाद्याचे कारखाने. यातल्या बऱ्याच बॉयलरना हाताने जळण टाकतात. तिथे लाकूड, कोळसा, बगॅस (उसाचा चोथा) चालतं आणि ब्रिकेटही चालतं. पेलेटसाठी फीडर बदलावा लागतो. म्हणजे अनुदान जास्त पेलेटला आणि मागणी जास्त ब्रिकेटला. मुंबई-दिल्लीत बसून दर ठरवला की असं होणार. त्यात कुणाचा कट नाही, पण भुर्दंड मात्र वाळव्याच्या कंपनीला.

जून 2025 च्या सुधारणेत एक गोष्ट चांगली झाली. त्याआधी अनुदानासाठी दोन वर्षांचा विक्री करार दाखवावा लागे; आता साधा विक्री करार पुरतो. इचलकरंजीचा सायझिंगवाला दोन वर्षांचा करार कधीच करत नाही. तो सोमवारी फोन करतो, दर विचारतो आणि दोन गाड्या सांगतो.

तोड झाल्यापासून पाणी सोडेपर्यंत

प्रस्तावाचा खरा कस लागतो तो इथे, आणि अहवालात या विषयाला अर्धं पान होतं.

2 टनांचं यंत्र दिवसाला 16 तास, वर्षाला 250 दिवस चाललं तर 8,000 टन माल निघतो. ओल आणि घट धरून 8,800 टन पाचट लागतं. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं हा सर्वमान्य आकडा आहे, पण ते सगळं हाती लागत नाही. काही मातीत मिसळतं, काही बांधावर राहतं, वाढं (उसाचा हिरवा शेंडा) तर तोडकरी आधीच वैरणीला विकून मोकळा होतो. हेक्टरी 5 टन हाती येईल असं धरलं तर 1,760 हेक्टर, म्हणजे साधारण 4,350 एकर फड लागतो. सगळं तोडणीच्या हंगामात, 120 दिवसांत. दिवसाला 73 टन.

आता फडात उतरून बघा. टोळी ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून निघून गेली. मागे सऱ्यांवर पाचटाचा थर. तो लगेच बांधता येत नाही, तीन-चार दिवस वाळू द्यावा लागतो. जानेवारीत दवानं सकाळी पाचट ओलं असतं. बेलर अकरा वाजल्याशिवाय नीट चालत नाही आणि दिवस मावळला की पुन्हा ओल धरते. आधी रेकने पाचट ओळीत ओढायचं, मग त्या ओळीवर बेलर. रेकचे दात जरा खाली गेले की पाचटाबरोबर माती येते, जरा वर राहिले की निम्मं मागे राहतं. बुडखे उंच राहिले असतील तर बेलरचा पिकअप आपटतो. आणि दुसरीकडे शेतकऱ्याची घाई. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) ठेवायचा असेल तर बुडखे छाटून, खत देऊन आठवड्याभरात त्याला पाणी सोडायचं असतं. पाण्याची पाळी आली की तो बेलरसाठी थांबत नाही, आणि त्याने थांबावं असं म्हणणं अन्यायाचं आहे. वाळायचे दिवस वजा केले तर एका फडात कामाला मिळतात तीन दिवस, कधी दोनच.

छोटा बेलर बांधतो तो गठ्ठा 20-25 किलोचा. 22 किलो धरला तर दिवसाला 3,300 गठ्ठे. ताशी 60 गठ्ठे आणि दिवसाचे सहा तास धरले तर एका बेलरचे 360. म्हणजे नऊ-दहा बेलर हवेत, आणि प्रस्तावात दोन होते.

मोठे बेलर आहेत, पण त्यांना वळायला लांबलचक रानं लागतात. कृष्णाकाठी तीस-चाळीस गुंठ्यांचे तुकडे, मध्ये पाइपलाइनचे व्हॉल्व्ह, बांधावर नारळ. हे यंत्र तिथे फिरणार कसं?

अनुदानाच्या नियमात यातल्या कशाचाही उल्लेख नाही. तिथे मोजली जाते ती पेलेट यंत्राची ताशी क्षमता. तपासणीच्या दिवशी यंत्र ठरावीक तास चालवून दाखवायचं. पूर्वी 16 तास, जून 2025 पासून 10 तास. 80 टक्क्यांच्या वर उत्पादन निघालं तर पूर्ण रक्कम, खाली गेलं तर त्या प्रमाणात. दहा तासांना 20 टन पाचट पुरतं. तेवढं कुणीही आणून ठेवेल. पुढचे 249 दिवस पाचट कुठून येणार, ते कुणी विचारत नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा मोठा आधार होता करसवलतीचा: यंत्राची किंमत पहिल्याच वर्षात घसाऱ्यात धरायची आणि कर वाचवायचा. सवलत यंत्र उभं करण्याला होती, ते किती युनिट देतं याला नव्हती. पुढे 2009 मध्ये केंद्राने प्रत्येक युनिटमागे 50 पैसे असं उत्पादनावर आधारलेलं प्रोत्साहन आणलं, तेव्हा कुठे वीज मोजून पैसा द्यायची सुरुवात झाली. पेलेटचा कार्यक्रम आज त्या पहिल्या अवस्थेत आहे, असं माझं मत.

आवार, आग आणि कॅश क्रेडिट

हंगामात आलेलं निम्मं पाचट तरी पावसाळ्यासाठी साठवावं लागतं. 4,400 टन. गठ्ठ्यांची घनता घनमीटरला 120 किलो धरली तर सुमारे 36,700 घनमीटर. चार मीटर उंच थप्प्या लावल्या तरी सव्वादोन एकर फक्त गठ्ठ्यांखाली, आणि आगीच्या भीतीने थप्प्यांमध्ये रस्ते सोडायचे तर चार-साडेचार एकर. बागायती काळ्या रानाच्या तालुक्यात चार एकर आवार भाड्याने घेऊन त्यावर पाचट रचायचं, हे ऐकूनच दोन संचालकांनी मान हलवली. अनुदान यंत्रसामग्रीवर असल्याने आवार, ताडपत्री, पाण्याची टाकी, विमा हे सगळं कंपनीच्या खिशातून.

पैशाची बाजू याहून अवघड. पाचट प्रकल्पावर पोचतं होईपर्यंत टनाला 1,800 रुपये धरले होते. त्यात शेतकऱ्याचे पैसे, बांधणी आणि वाहतूक आली. 8,800 टनांचे 1 कोटी 58 लाख, चार महिन्यांत रोख. विक्री मात्र वर्षभर थोडी थोडी. एवढ्या रकमेचं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) बँकेकडे मागायचं तर तारण काय? पाचटाची थप्पी. ती पावसाने कुजते आणि विडीच्या थोटकाने पेटते. शाखाधिकारी तोंडावर नाही म्हणाले नाहीत, पण मार्जिन, म्हणजे कंपनीचा स्वतःचा हिस्सा, किती ठेवणार ते विचारलं.

आणि 36 लाखांचं अनुदान? ते येणार प्रकल्प सुरू होऊन तपासणी झाल्यावर. तोपर्यंत त्या रकमेवरही व्याज कंपनीच भरणार.

खोडव्याला काय घालायचं

तात्या म्हणून एक ज्येष्ठ संचालक आहेत. बैठकीत ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी अहवाल लिहिणाऱ्याला सरळ विचारलं, "साहेब, पाचट उचललं तर खोडव्याला काय घालायचं? तुमचं पेलेट?"

हसण्यावारी गेलं तरी प्रश्न बिनतोड होता. फलटण तालुक्यातल्या पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, कृषी खातं आणि कारखान्यांचे शेतकी विभाग गेली कित्येक वर्षं सांगताहेत: पाचट जाळू नका, उचलू नका, सरीत आडवं ठेवा. हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो जिवाणू संवर्धक टाकून कुजवा. हेक्टरच्या पाचटातून 40 ते 50 किलो नत्र, 20 ते 30 किलो स्फुरद आणि 75 ते 100 किलो पालाश परत मिळतं. पालाशचंच गणित केलं तर म्युरेट ऑफ पोटॅशची अडीच ते सव्वातीन पोती. शिवाय सेंद्रिय कर्ब, जे पोत्यात मिळत नाही. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत नदीकाठची रानं अतिपाण्याने आणि रासायनिक खतांनी क्षारपड होत गेली आहेत. तिथे जमिनीतून आणखी काही काढून न्यायचं म्हणजे दहा वेळा विचार करायला हवा. उन्हाळ्यात पाचटाच्या आच्छादनाने पाण्याची एखादी पाळी वाचते, तो फायदा वेगळाच.

इथे सरकारी पैशाची गंमत दिसते. एका पाचटाला चार दारं आहेत. कृषी खातं ते शेतात कुजवण्यासाठी प्रचार करतं. नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय त्याच्या पेलेट बनवायला यंत्रावर पैसे देतं. पेट्रोलियम मंत्रालयाने 2024 मध्ये बायोमास गोळा करणाऱ्या यंत्रांसाठी 564.75 कोटींची योजना आणली. बेलर, रेक यांच्या संचाच्या किमतीच्या निम्मे, संचामागे 90 लाखांपर्यंत. म्हणजे गोळा करण्याची अडचण सरकारला माहीत नाही असं नाही! पण ही मदत कॉम्प्रेस्ड बायोगॅस बनवणाऱ्यालाच. तोच बेलर, तोच फड. गठ्ठा गॅसला गेला तर यंत्राला निम्मे पैसे, पेलेटला गेला तर नाही. आणि चौथं दार ऊस तोडणी यंत्राचं. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून त्याला किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यातलं कमी ते. हे यंत्र पाचटाचे तुकडे करून मागे फेकतं. कुजवायला ते उत्तम, बांधायला त्रासाचं. तुकड्यांबरोबर माती उचलली जाते, पेलेटमध्ये राख वाढते, पेलेट पाडणारी डाय लवकर झिजते आणि बॉयलरमध्ये खंगर (राख वितळून झालेले खडे) धरतो.

चारही योजना आपापल्या जागी चुकीच्या नाहीत. पण त्यांची गाठ पडते ती फक्त शेतकऱ्याच्या बांधावर, आणि तिथे त्या एकमेकींच्या वाटेत उभ्या असतात.

काय ठरलं

तात्यांच्या प्रश्नातूनच वाट निघाली. पाचट सगळ्यांचं घ्यायचंच नाही, असं मंडळाने ठरवलं. ज्याला खोडवा ठेवायचा आहे त्याने पाचट कुजवावं, कंपनीच्या दुकानातून जिवाणू संवर्धक न्यावं. घ्यायचं ते शेवटच्या खोडव्याचं, जिथे रान मोडून हळद, सोयाबीन किंवा हरभरा करायचा आहे. अशा रानातलं पाचट आजही सर्रास पेटवलं जातं, कारण नांगरटीला ते आडवं येतं. तिथे पाण्याची घाई नसते, त्यामुळे बेलरला दोन-तीनच्या जागी आठ-दहा दिवस मिळतात. जाळण्याने हवेत जाणारं तेवढंच बॉयलरमध्ये जाईल, आणि शेतकऱ्याला वर चार पैसे.

अशा रानाचा अंदाज 500 हेक्टर निघाला. 2,500 टन पाचट. 120 दिवसांना वाटलं तर रोज सुमारे 21 टन, साडेनऊशे गठ्ठे, म्हणजे तीन छोटे बेलर. जोडीला तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षाच्या काड्या. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या छाटणीत त्या बांधावर ढीग लावून पडतात. लाकूड असल्याने त्यांची राख कमी. पाचटात मिसळल्या तर ब्रिकेट घट्ट होतं. अडचण एकच, काड्यांबरोबर तारेचे तुकडे आणि बांधणीची सुतळी येते. कुट्टी यंत्राच्या आधी चुंबक बसवायचा आणि दोन माणसं निवडायला ठेवायची, हा खर्च धरला. पाचटाचा हंगाम संपतो तेव्हा एप्रिलच्या काड्या सुरू होतात, हे जमून आलं.

मग यंत्र लहान झालं: ताशी 1 टन, आणि पेलेट सोडून ब्रिकेट. अनुदान 36 लाखांवरून 9 लाखांवर आलं. हे पचायला मंडळाला वेळ लागला. एका संचालकाचं म्हणणं शेवटपर्यंत होतं की सरकार जास्त देतंय तर जास्त घ्यावं, पेलेट कुठेही खपवता येतील. हिशेब पुन्हा मांडला. यंत्रसामग्री 45 लाख. 9 लाख म्हणजे तिचे वीस टक्के. पाचटाला हंगामात लागणारी रोकड 1 कोटी 58 लाखांवरून 45 लाखांवर. गिऱ्हाईक पन्नास-साठ किलोमीटरच्या आत. 36 लाखांसाठी दीड कोटीची थप्पी उन्हात ठेवायची का, असं विचारल्यावर मतदान घ्यावं लागलं नाही.

बेलरसाठी दुसरी वाट धरली. ते ब्रिकेट प्रकल्पात न दाखवता कंपनीचं औजारं भाड्याने देण्याचं केंद्र म्हणून वेगळा प्रस्ताव केला. कृषी पायाभूत सुविधा निधीत अशा केंद्राला 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं 3 टक्के व्याज सवलत आहे. रोख अनुदान नाही, पण तपासणीची वाट बघायला लागत नाही, आणि पाचटाचा हंगाम संपल्यावर तोच बेलर सोयाबीनचा भुसा, गव्हाचं काड बांधायला जाऊ शकतो. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

एक गोष्ट मात्र लोंबकळत आहे. शेवटचा खोडवा कुणाचा आणि किती, हे दरवर्षी बदलतं. उसाला दर चांगला मिळाला की शेतकरी निडवाही (खोडव्यानंतरचं आणखी एक पीक) ठेवतो, रान मोडतच नाही. मग 500 हेक्टरचे 300 होतात. त्यासाठी सप्टेंबरमध्ये गटसचिवांकडून फडनिहाय यादी घ्यायची आणि तोडणीआधी शेतकऱ्याशी लेखी बोली करायची, असं ठरलंय. दर गठ्ठ्यावर नको, वजनावर आणि ओलीवर, असा आग्रह तात्यांनी धरला, कारण ओला गठ्ठा जड भरतो हे प्रत्येकाला माहीत आहे. ओल मोजायचं यंत्र कुणाच्या हातात राहणार, यावर पुढच्या बैठकीत भांडण होणार हे नक्की.